दात आवळायचे नाहीत

धामापूरच्या या म्हाताऱ्याचा मला भयंकर राग यायचा. बांबूची धनुष्यं तो स्वतः बनवायचा आणि शिकवायचाही. पण मी दोरी ओढली की बाणाकडे बघायचाच नाही, माझ्या जबड्याकडे बघायचा.

"दात आवळलंस. ह्या धनुष्य तुजा न्हय."

मग ते काढून घेऊन पोरासोरांचं हलकं धनुष्य हातात कोंबायचा. वर्षभर! मला, धडधाकट चाळिशीतल्या माणसाला!

परवा त्याने स्वतःचं धनुष्य ओढलं आणि त्याचाच जबडा करकचून मिटला. मी बघितलं, हे त्याला कळलं. त्याने दोरी उतरवली, धनुष्य माझ्यापुढे धरलं.

"तुजा हलका माका दी."

इतका मुकाट हरतो? माझा नुसता संताप झाला.

तो माझ्या जबड्याकडे बघत राहिला.