पगार झाल्यावर येत जा

आलापल्लीला निघाले त्या दिवशी माय घाटावर आली, पण डोंग्यापाशी आली नाही. वर आंब्याखाली उभी राहिली. आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, पलीकडे थोडं खाली मार्कंड्याची देवळं. डोंग्यातून पलीकडे जायचं, तिथून बैलबंडीने चामोर्शी, आणि चामोर्शीहून लाकडं टाकून रिकामी परतणारी लॉरी मिळाली तर आलापल्ली. लग्नाला महिना झाला होता. हे जंगलखात्याच्या डेपोत कारकून. आम्ही ढिवर, नदीतली आणि तळ्यातली मासोळी धरून आणि दोन बांध्यांत धान लावून जगणारे. आमच्यात पगारी जावई म्हणजे केवढी अपूर्वाई. डोंगा बाने स्वतःच हाकला. माझ्या मांडीवर वाळवलेल्या झिंग्यांचं गाठोडं होतं, पायाशी लाखोळीच्या डाळीची पिशवी.

मायने निघताना एकच गोष्ट सांगितली होती. "पाव्हना आला त तांदूळ पाहू नोको. गंज मोठं चढवजो." मी मान हलवली. सासरी निघालेली पोर कशालाही मान हलवते.

हे मी गावी राहिलेल्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे नोकरीमागे रानात, शहरात गेले त्यांच्यासाठीही. गावात अजून माझं नाव निघालं की "गिरजाबाईनं संसार कसा नेटका केला" असं बोलतात. तो नेटकेपणा काय होता ते एकदा सांगून टाकलेलं बरं.

आमच्या गावात महिना नव्हता, साल होतं. पौषात धान झोडून ढोलीत भरलं की ते सालभर पुरवायचं. मधे काही कमी पडलं तर नदी होती, तळं होतं, शेजार होता. आलापल्लीला नदी नव्हती. तिथे एक तारीख होती. एक तारखेला यांच्या हातात पगार पडायचा, त्यातला तिसरा हिस्सा ब्रह्मपुरीला सासऱ्यांना जायचा, आणि उरलेल्यात तीस दिवस काढायचे. पहिल्या महिन्यात मी माहेरच्या सवयीने भाताचं मोठं गंज चढवलं. वीस तारखेला तांदूळ संपला. पुढचे दहा दिवस आम्ही लाखोळीच्या डाळीच्या पाण्यात कण्या शिजवून काढले. हे डेपोतून येताना पाणी पिऊन येऊ लागले.

शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरकडच्या एक बाई होत्या. त्यांनी मला शहाणं केलं. पगार झाला की तांदूळ आणायचा आणि चार मडक्यांत वाटून घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं. एक मडकं, एक हप्ता. पहिल्याचं फडकं सुटलं तरी दुसऱ्याला हात लावायचा नाही. मातीचं तेल, गूळ, चहाची पूड, सगळ्याचं असंच. मला ते पटलं. पण बाईंच्या हिशेबात चार हप्त्यांचे अठ्ठावीस दिवस. पुढचे दोन-तीन दिवस कुठल्याच मडक्यात नव्हते. त्यांना मी उघडे दिवस म्हणायची. उघड्या दिवसांत रान होतं. पावसाळ्यात तरोटा, बांबूचे कोवळे वास्ते, उन्हाळ्यात मोह आणि टेंभरं. तरोट्याची भाजी रांधता रांधता मी इतकी पटाईत झाले की हे म्हणायचे, सरकारने तुला तरोट्यावरच नेमायला हवं होतं. आम्ही हसायचो. दोघंच असताना उपाशी हसता येतं.

दुसऱ्या श्रावणात बा आला. तारीख एकोणतीस. त्याला तारीख काय ठाऊक. त्याच्या लेखी रोवणी संपली होती, हात मोकळा होता, लेकीला पाहायचं मनात आलं होतं. लॉरी चिखलात फसली म्हणून शेवटचे दोन कोस तो पायी आला होता. दुपारी दारात उभा राहिला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर मासोळीचं गाठोडं, काखेत एक दुधी भोपळा. मला बघून त्याचं तोंड असं खुललं की मी आधी रडले आणि मग चुलीकडे पाहिलं.

हे कूपात, रानातल्या तोडीवर गेले होते, दोन दिवस येणार नव्हते. घरात एक ओंजळ तांदूळ होता, तोही चौथ्या मडक्याच्या बुडातून झाडून काढलेला. शेजारच्या बाईंकडे मागता आला असता. पण त्यांनीच शिकवलेला हिशेब, त्यांच्याच दारात भांडं घेऊन उभं राहायचं, ते माझ्याने झालं नाही. मी छोटं गंज चढवलं. मायचे शब्द तेव्हा आठवले नव्हते असं म्हणायची सोय नाही. आठवले होते.

बाला वाढलं. "तू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, माझं झालं. तो जेवला, सुकटीचं कालवण होतं म्हणून भुरके मारत जेवला. चालून आलेल्या माणसाची भूक होती. भात संपल्यावर सवयीने त्याने ताट जरा पुढे सरकवलं. मी गंजात पळी घातली. रिकाम्या भांड्यात पळीचा जो आवाज होतो तो झाला. बाने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "पोट भरलं माय. तुह्या हातचं खाल्लं त लौकर भरते."

तो चार दिवस राहायला आला होता. मायने त्याला तसं सांगूनच पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धोतर झटकलं आणि म्हणाला, निघतो, जाळं फाटलं आहे, विणायचं आहे. मी त्याला राहा म्हटलं नाही. शेजारच्या बाई त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आपला बाप आला आणि एका रात्रीत चालला, हे त्या बघताहेत, याची मला लाज वाटली. तेव्हा मी जरा मोठ्यानेच, जरा हसत, नोकरीवाल्याच्या बायकोच्या तोऱ्यात म्हटलं, "बा, तू असा महिन्याच्या शेवटी काऊन येतंस? पगार झाल्यावर येत जा."

बा थांबला. त्याला राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. नवीन काही शिकायला मिळाल्यासारखं त्याने विचारलं, "पगार कवा होते?"

"एक तारखेले."

"अना पुरते कवापर्यंत?"

मी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, "आठ-दहा तारखेपर्यंत काई चिंता नसते."

"बरं," तो म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ठेवलं. अमावस्या-पुनवेवर जगणारा माणूस, एक तारीख कधी येते हे आभाळाकडे बघून कळत नाही म्हणून शाळेत जाऊ लागला. "गुरुजी, आमच्या गिरजीचा पगार झाला का?" गुरुजी भिंतीवरचं कॅलेंडर पाहून सांगायचे. पोरं हसायची. गावात तो चेष्टेचा विषय झाला होता, आणि मी माहेरी गेले की मलाही ती चेष्टा ऐकावी लागायची. माय मात्र हसत नसे. ती म्हणायची, "हसाचं काय त्यात? तिचं घर आहे, तिच्या सोयीनं जाव."

त्यानंतर माहेरचं माणूस माझ्या दारात आलं ते दोन तारखेला, तीन तारखेला. आठव्या दिवशी गाठोडं बांधून तयार. नववा दिवस कुणी पाहिला नाही. मला बरं वाटायचं. हे लिहायला जड जातं आहे, पण मला खरोखर बरं वाटायचं. पहिल्या हप्त्यात मी मोठं गंज चढवायची, गुळाचा चहा करायची, बा आणि माय कौतुकाने बघायची. उरलेला महिना माझा, माझ्या मडक्यांचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीनेक वर्षांनी दिवस बदलले. यांना बढती मिळाली, सासऱ्यांनी पैसे घेणं बंद केलं कारण धाकटा दीर मिळवता झाला. नवे पैसे चलनात आले त्या सुमाराला माझ्या घरात मडकी उरली नव्हती, तांदळाचा पत्र्याचा मोठा डबा आला होता आणि तो महिनाअखेरीलाही अर्धा असायचा. हे मी गावी कळवलं का? नाही. चार ओळींचं कार्ड पुरलं असतं. गुरुजींनी वाचून दाखवलं असतं. पण कुणीही कधीही येऊन उभं राहणार नाही या सुखाची मला सवय झाली होती. क्वार्टरमधल्या बायका दुपारी माझ्याकडे भरतकाम घेऊन बसायच्या, आणि मासोळीचं गाठोडं कधी येणार ते मला आधी माहीत असायचं. त्या दिवसांत मी या बायकांना बोलवत नसे. बस, एवढंच.

मग तो अश्विन आला. धान निसवलं होतं. एकतीस दिवसांचा महिना होता. तीस तारखेला संध्याकाळी एक लॉरीवाला डेपोत निरोप ठेवून गेला आणि यांनी तो घरी आणला. माय आदल्या दिवशी गेली होती. हिवतापाचं निमित्त झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिळेल त्या लॉरीने निघाले. नदीला पाणी होतं. बा डोंगा घेऊन मार्कंड्याच्या काठाला येऊन थांबला होता, कालपासूनच थांबला होता. मी त्याच्या गळ्यात पडले. रडून झाल्यावर पहिलं काय विचारलं असेल तर, किती दिवस आजारी होती?

"आठ दिवस," बा म्हणाला.

आठ दिवस. चामोर्शीवरून रोज लॉऱ्या जात होत्या. मी ओरडलेच त्याच्यावर. मले काऊन नाई सांगितलं? कोणाच्या तरी हाती निरोप द्याचा होता, बा.

बा वल्हं पाण्यात न घालता बसून राहिला. "मी चाललोच होतो चामोर्शीले, दुसऱ्याच दिवशी. तुही मायच नाई मने. आज कोणती तारीख आहे, मने. गुरुजीले विचारून आलो. तेवीस. त नोको मने आत्ता. आता तिच्या घरी काई नसन. ती इथी आली त जावई काय खाईन. एक तारीख होऊ द्या, मंग बोलवा. मी तवरक काई मरत नाई, मने." मग तो म्हणाला, "शेवटचे दोन दिवस तुही माय रोज विचारे. पगार झाला का जी, गिरजीचा? मी मनो, होईन आता. दोन दिवस राह्यले."

आलापल्लीला माझा डबा अर्धा भरलेला होता. मी कालच त्यातला तांदूळ उन्हात घालून पोरकिडे काढले होते, इतका तो पडून होता.

बाने माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी हवं होतं माझ्याकडून. लाल डोळे, आठवडाभराची दाढी. "खरंच तंगीच असन न तुह्या घरी, या दिवसांत?" त्याने विचारलं. बायकोचं ऐकलं ते चुकलं की बरोबर, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं. नाही म्हटलं असतं तर तिचं ते आठ दिवस वाट पाहणं फुकट गेलं असतं, आणि त्याने तिचं ऐकलं हा त्याचा गुन्हा झाला असता.

"हो बा," मी म्हटलं. "काईच नव्हतं घरात."

त्याने सुटल्यासारखा श्वास घेतला. "मंग बरोबर केलं तिनं," म्हणाला, आणि डोंगा पाण्यात लोटला.

त्याच्यासाठी खोटं बोलले, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं असं की खरं बोलायची माझी छाती नव्हती.

बा त्यानंतर नऊ वर्षं जगला. दरवर्षी दोन-तीनदा यायचा, दोन तारखेला. आमची बदली आधी सिरोंच्याला झाली, मग चांद्याला. घरात गव्हाची पोती आली, रेडिओ आला, पोरं इंग्रजी शाळेत गेली. बा आठव्या दिवशी गाठोडं बांधायचा. मी हात जोडले, पोरांनी पाय धरले. राह्य ना बा, आता सगळं आहे. तो हसायचा आणि म्हणायचा, "तू पाव्हन्यापुढं अशीच मनशीन. तुही माय सांगून गेली मले. तूच बोलली न तवा, डोंग्यात?" नाही म्हणायचं तर त्या दिवसाचं सगळंच उकरावं लागलं असतं.

आता पेन्शन बँकेत पडते, कधी पडते ते मी विचारतही नाही. घर कशाला म्हणायचं, असं कुणी विचारलं की सगळे माहेराचं नाव घेतात, नदीचं, आंब्याचं. माझ्या मनात वेगळंच येतं. इतकी घरं बदलली, एकाही घरात माझ्या बापाने नववा दिवस काढला नाही. मीच त्याला तसं शिकवलं होतं.