देवीपुढे बॅकऑर्डर

अख्ख्या रत्नागिरीत एका जागी दोन मिनिटं बसू न शकणारा माणूस एकच, आणि तो माझा थोरला साडू आहे. लग्नाच्या पंगतीत ते तीनदा जागा बदलतात. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी उठून रस्त्यावरचं भांडण सोडवायला जातात. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात प्रत्येक सुरमईचे कल्ले उघडून बघतात आणि शेवटी बांगडे घेऊन येतात. वर मलाच सांगतात, "पारख लागते, साडूराव!"

अशा माणसाच्या नशिबी यंदा वाट पाहणं आलं. आंब्याच्या बागेची वेबसाइट त्यांनी आणि मुंबईच्या धाकट्या भावाने मिळून काढली होती. तिचं नाव, म्हणजे डोमेन, भावाने घेतलेलं. पुढे कुंपणालगतच्या एका फणसावरून दोघांचा अबोला झाला आणि यंदा भावाने नावाची मुदत संपू दिली. साइट बंद! वडिलांनी बागेला दिलेलं नाव आता कुणी परका उचलणार, म्हणून साडूंचा जीव थाऱ्यावर राहीना. मुदत संपली तरी काही आठवडे मूळ मालकालाच नाव परत घेता येतं. मग ते मोकळं होतं, आणि त्या क्षणी आपल्या वतीने झडप घालणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडे आधीच नोंद करून ठेवायची, तिला बॅकऑर्डर म्हणतात.

साडूंनी दोन कंपन्या हेरल्या आणि त्यांचेही कल्ले उघडले. "तुमचा हात किती चपळ? आजवर किती नावं सुटली हातची?" असं ते एकीच्या साइटवरच्या मदतखिडकीत सकाळपासून विचारत राहिले. पलीकडे यंत्र होतं. तेसुद्धा शेवटी "थोड्या वेळाने प्रयत्न करा" म्हणून गप्प झालं.

"अहो, त्यापेक्षा भाऊजींना एक फोन करा ना," ताई म्हणाल्या. ताई म्हणजे माझी मेहुणी.

"मी करू? धाकटा तो आहे!"

शेवटी आम्ही ग्रामदेवीला कौल लावायला गेलो. गुरवाने मूर्तीवर दोन्ही बाजूंना फुलं लावली. उजवं पडलं तर पहिली कंपनी, डावं पडलं तर दुसरी. गाऱ्हाणं घालताना गुरव 'बॅकऑर्डर'पाशी अडखळला. साडूंनी देवीला आणि त्याला मिळून सगळा मामला पुन्हा समजावला, देवळाला चार प्रदक्षिणा घातल्या, तरी एक फूल हललं नाही.

"देवी काय म्हणत्ये?"

"म्हणत्ये, घरचा माणूस असताना कंपनी कशाला?" गुरव म्हणाला. वाडीतलं सगळं त्याला ठाऊक.

साडू तणतणत घरी आले आणि दोन्ही कंपन्यांकडे नोंद करून मोकळे झाले. त्यानंतर पंधरा दिवस ते ओटी ते माजघर आणि माजघर ते ओटी असे इतके चालले, की सरळ गेले असते तर मुंबई आली असती.

काल दुपारी दोन्ही कंपन्यांकडून एकाच मजकुराचं पत्र आलं: मूळ मालकाने मुदत वाढवल्यामुळे आपली नोंद रद्द.

"वाढवलीन हो! शेवटच्या दिवशी वाढवलीन!" साडू ओरडले. साइट उघडली. पहिल्याच पानावर हापूसच्या कलमाखाली उभे असलेले दोघे भाऊ. फोटो काही धाकट्याने काढून टाकला नव्हता.

साडू खुर्चीत बसले आणि चक्क बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन उचलला, भावाचा नंबर काढला, त्याकडे पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

"आत्ता नको. जेवत असेल तो."

तेव्हा साडेचार वाजले होते. मी मुद्दाम घड्याळाकडे पाहिलं नाही.