काकूंचं लाल हृदय

पिंगळीच्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकांना आलेला निरोप सगळ्यांनाच कळतो. त्यांना दिसत नाही, ऐकूही कमीच येतं. म्हणून त्यांचा फोन आलेलं सगळं खणखणीत आवाजात वाचतो, मजकुरातली चित्रंसुद्धा शब्दांत सांगतो. त्या आवाजाला काका ‘बाई’ म्हणतात. “बाई, दमानं. पळायलात कशाला?” आणि वाचून झालं की, “लय उपकार.”

परवा काकू नातीच्या बाळंतपणाला जिंतूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या ओट्यावरून बाईंनी काकूंचा निरोप जाहीर केला, “चहा झाला का? लाल हृदय. लाल हृदय. लाल हृदय.”

गल्लीतले झाडू थांबले.

“बाई, हळू!” काका कानापर्यंत लाल. मग मला बोलावून कुजबुजले, “पोरी, तसलं आपल्याला धाडता येतंय का?”

मी एक टाकलं. काकांनी पाठवायच्या आधी बाईंकडून वाचून घेतलं.

“एकच?” काका उसळले. “तिनं तीन धाडलेत! हात आखडू नको.”

मी हृदयावर दाबलेलं बोट उचललंच नाही. बाई वाचत सुटल्या. समोरच्या घरात भाकर करपल्याचा वास आला, तरी त्यांचं लाल हृदय संपेना. काका डोळे मिटून मान डोलवत होते.

“दमानं, बाई. घाई न्हाई.”