आप्पांना काय आवडायचं

बेळगावात कुठं खायचं हे मला विचारणारे पुष्कळ आहेत. मी वकील आहे, पण कायद्याच्या सल्ल्यापेक्षा या सल्ल्यासाठी जास्त फोन येतात. माझी मतं ठाम आहेत. लोणी डोसा टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, आणि तोही सकाळी लवकर. गर्दी वाढली की तवा नीट तापायला कुणी सवड देत नाही. मिरची भजी शहापुरात, गाडीवर, उभ्यानं. कॅम्पातल्या बेकरीतली खारी घ्यावी, पण चहा शेजारच्या दुकानात प्यावा. उडप्याकडं कन्नडमध्ये मागवलं की चटणी दुसऱ्यांदा न मागता येते, असा माझा अनुभव आहे. कुंदा कुणाचा चांगला यावर मात्र मी बोलत नाही. त्यावरून माझं दोन नातेवाइकांशी फाटलेलं आहे.

गेल्या वर्षी या सगळ्या ठिकाणी मी आईला घेऊन फिरले. ती खायला आली नव्हती. कावळा शिवला नव्हता म्हणून आली होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगुंदीहून रोज सकाळच्या बसनं बेळगावातल्या एका सरकारी कचेरीत यायचे, संध्याकाळी परत जायचे. निवृत्तीनंतर शेतात रमले आणि गेल्या वैशाखात कुणालाही फारसा त्रास न देता गेले. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान मांडतात आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर माणूस सुखानं गेला. नाही शिवला तर त्याची इच्छा राहिली. आईनं पहाटे उठून भरलं वांगं केलं होतं, कारळ्याचं कूट घालून, तेल सुटेपर्यंत. आप्पांना वांगं आवडतं हे साऱ्या भावकीला ठाऊक होतं. कचेरीतून आले की चपला काढता काढता ते सांगायचे, "उद्या वांगं घाल." कधी मेथी, कधी मटकी, पण आठवड्यातनं दोनदा तरी वांगं.

कावळे होते, नव्हते असं नाही. आले, मान वाकडी करून पानाकडं बघितलं आणि उडून गेले. मग धाकट्या काकांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "दादा, पोरीचं लगीन लावून देतो, काळजी करू नको." पोरगी म्हणजे मी. माझे केस पांढरे व्हायला लागून बरीच वर्षं झाली. कावळ्यानं या आश्वासनावर विश्वास ठेवला नाही, त्यात मला त्याची अक्कल दिसली. शेवटी पान गाईला घातलं आणि लोक आंघोळीला गेले. आई मात्र जागची हलेना.

नंतर आप्पांचे कचेरीतले एक जुने सोबती भेटायला आले. धीर द्यायला म्हणून म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. खाऊन-पिऊन सुखी माणूस होता. दुपारी आम्ही डबे उघडून बसायचो, हे आपले रोज बाहेर जेवायला."

आई म्हणाली, "डबा तर रिकामा यायचा."

आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं. कुठल्या हॉटेलात जायचे हे त्यांना सांगता आलं नाही. चहा अर्धा ठेवून ते उठले.

त्या दिवसापासून आईनं एकच धरलं. आप्पा बाहेर काय खात होते? तिचा डबा ते कुठं ओतत होते? "माझ्या हातचं त्यास्नी जात नव्हतं काय गं?" असं तिनं एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भांडी घासायला बसली. भाद्रपदात म्हाळ घालायचा होता, पितरांचं जेवण. तोवर तिला कळायला पाहिजे होतं, कारण पुन्हा एकदा चुकीचं पान मांडायची तिची तयारी नव्हती. माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण घरातल्या माणसाला काय आवडायचं हे घरातल्या कुणालाच माहीत नाही, ही गोष्ट मलाही खटकत होती. मी तिला शहरात माझ्याकडं घेऊन आले.

येताना तिनं आप्पांचा डबा आणला. स्टीलचा, तीन पुडांचा, एका बाजूला चेमटलेला. प्रत्येक हॉटेलातलं थोडं त्यात घ्यायचं आणि बाहेर कावळ्याला घालून बघायचं, असा तिचा बेत होता. मी कपाळाला हात लावला.

सुरुवात लोणी डोशापासून केली. आई एक घास घ्यायची, डोळे मिटायची आणि सावकाश चावायची. आपण आप्पा आहोत असं समजून ती खात होती. मग डोळे उघडून म्हणाली, "लोन्यावर तरंगतंय हे. एवढ्या लोन्यात आपल्या घरचं आठ दिवस गेलं असतं. त्यांच्या घशाखाली उतरायचं न्हाय." बाहेर कंपाउंडवर तुकडा ठेवला. तो खाली टेकायच्या आत कावळ्यानं उचलला. शहापुरात भजी, कॅम्पात खारी, सगळीकडं तेच. कावळे जसे काही आमच्या मागावरच होते. मी तिला सांगितलं, "आई, टिळकवाडीतला कावळा पुरावा म्हणून चालत नाही. तो काहीही खातो." तिला ते पटलं. गावाकडचा कावळा वेगळा, हे तिचंही मत होतं.

कॅम्पात एका शिगकबाबवाल्याच्या दारात ती थबकली. आत जायला नको म्हणाली, पण वासाकडं तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मालकानं खुर्ची बाहेर आणून दिली. मी मोबाइलमधला आप्पांचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावून नीट बघितला. "नहीं अम्मा, ये साहब कभी नहीं आए," म्हणाला, आणि पाणी दिलं. आईला हायसं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही.

मग निपाणी. आप्पांची मध्ये काही वर्षं तिथं बदली होती; सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. तिथला तांबडा रस्सा माझ्या यादीत फार वर आहे. काकती मागं पडल्यावर आई बसमध्ये झोपली ती निपाणीत तंबाखूचा वास नाकात गेल्यावर उठली. ताट आलं. तिनं रस्सा ओरपला आणि पहिल्यांदाच मान हलवली. "ह्यो बरा हाय." मला वाटलं, सापडलं. पण दुसऱ्या वाटीला तिनं हात लावला नाही. "मला बरा लागतोय गं. त्यास्नी न्हाय. घरी मटन केलं की सगळ्या फोडी तुझ्या ताटात यायच्या, आठवतंय का तुला?" मला आठवत होतं. आप्पांचं माझ्यावर प्रेम म्हणून तसं करतात, असं मी समजत आले होते. परतीच्या बसमध्ये मी ते जरा नव्यानं तपासून बघितलं आणि मला ते आवडलं नाही.

घरी आल्यावर आई माझ्यावर उखडली. "ही सगळी तुझी हॉटेलं. कुठं डोसा, कुठं रस्सा. दुपारच्या सुट्टीत मानूस टिळकवाडीला जाऊन येईल व्हय? चालत जाईल असलं दाखीव."

वकिली माझी, पण हा प्रश्न तिला सुचला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीच्या दारातून चालायला लागलो. मागच्या बोळात एक खानावळ आहे. तिच्यासमोरून मी अनेकदा स्कूटर नेली होती, आत कधी गेले नव्हते. कन्नड पाटी, खाली बारीक अक्षरात मराठी, चार-पाच बाकडी, ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे त्यांच्या पद्धतीची तेलातली वांगी. माझ्या यादीत बसावं असं त्यात काही नव्हतं. आईनं बाकड्यावर डबा ठेवला आणि पदरानं घाम पुसला.

गल्ल्यावरचा म्हातारा उठला. आमच्याकडं नाही, डब्याकडं बघत आला. चेमटलेल्या बाजूवर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो डबा कुठनं आला, आक्का?"

आईनं सांगितलं. तो बाकड्याच्या टोकाला बसला. आप्पा गेले हे त्याला माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा यायचे, मग येणं कमी झालं, एवढंच त्याला ठाऊक. धारवाडकडचा माणूस, इतकी वर्षं बेळगावात काढून मराठी चांगलं बोलत होता. डोळे पुसले, पोराबाळांची चौकशी केली. मग म्हणाला, "आक्का, तुमच्या हातचं मी लई वर्सं खाल्लंय."

आईनं डबा स्वतःकडं ओढून घेतला.

त्यानं सरळ सांगून टाकलं. त्याची बायको लवकर गेली. दिवसभर चुलीपुढं उभं राहिलेल्या माणसाला स्वतःच्या खानावळीतलं अन्न बघवत नाही. आप्पा पहिल्यांदा आले ते नुसतं ताक मागायला. डबा उघडला तेव्हा त्याला कारळ्याचा वास आला आणि त्यानं एक घास मागितला. तेव्हापासून अदलाबदल ठरली. डबा ह्यानं खायचा, आप्पांनी इथलं जेवायचं. "आनि जाताना मी सांगायचो, साहेब, उद्या वांगं सांगा की वहिनीस्नी. ते बी आठवनीनं सांगायचे. दुसऱ्या दिवशी डब्यात वांगं."

माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग. आप्पांचा. रोज संध्याकाळी चपला काढता काढता आप्पा दुसऱ्या माणसाची फर्माईश सांगत होते, आणि आई पहाटे उठून ती पुरवत होती. आवडीनिवडी सांगणारा नवरा मिळाला म्हणून ती बायकांत मिरवायची. निवृत्तीनंतर ते काही सांगेनासे झाले तेव्हा तिनं वयाला बोल लावला होता, आणि न सांगता वांगी करत राहिली होती. तेही मुकाट खात होते. शेवटी तेच वांगं तिनं त्यांच्या रक्षेजवळ मांडलं.

आईनं एवढंच विचारलं, "मग त्यास्नी काय आवडायचं?"

"कण्या," तो म्हणाला. "कण्या आनि ताक. आमची भांडी घासनारी, भाकरी थापनारी मानसं सकाळी खातात न्हवं का, त्या. पाटीवर न्हायत त्या. रोज तेवढंच खायचे, दुसरं काय कधी मागितलं न्हाय."

कण्या म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी, मऊ शिजवलेली. आमच्या घरात मी त्या कधी बघितल्या नाहीत. लग्नानंतरची पहिली वर्षं आई-आप्पांनी त्यावरच काढली होती, हे मला आत्याकडून कळलं होतं. आप्पांना नोकरी लागली त्या दिवशी आईनं कण्यांचं मडकं परड्यात नेऊन फोडलं आणि या घरात पुन्हा कण्या शिजणार नाहीत, असं सांगितलं. घरात त्यावर बोलायची पद्धत नव्हती.

"मी म्हनलं त्यास्नी," म्हातारा सांगत होता, "घरात करायला सांगा की. तर म्हनले, नको. तिला परत कण्या शिजवाय लावायचं माझ्या जीवावर येतं."

त्यानं आत जाऊन वाटी भरून आणली. सकाळच्या उरलेल्या होत्या, निवलेल्या. वर ताक ओतलं, कडेला लसणाचा ठेचा ठेवला. मी आईकडं बघितलं. ती रागानं उठून जाईल असं मला वाटलं होतं. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि हातानं कालवलं. डोळे मिटले नाहीत. वाटी पुसून खाल्ली, एक कण ठेवला नाही. डब्यातही काही भरून घेतलं नाही. म्हातारा समोर उभा होता, मी शेजारी होते. ती आमच्या कुणाशी बोलत नव्हती.

"मला येत होत्या की हो ह्या," ती म्हणाली. "नुसतं म्हनायचं तरी एकदा."