हाय, सर

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, त्याबद्दल माफी. चौथीनंतर शाळा सुटली. कॉलेजात आले ती झाडू घेऊन.

यंदा मांजरी गावाकडची एक मुलगी आली. मला वाट द्यायला ती भिंतीला अशी चिकटते, जणू मीच प्राचार्य. पहिल्या दिवशी हजेरीत तिचं नाव आलं. उठून म्हणाली, "हाय, सर." तिच्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. वर्ग ओरडला, "हॅलो!" सर म्हणाले, "अरे वा, आपण सरांना हाय करता?" शहरातली माणसं फार शिकलेली, त्यांना एवढं कुठून कळणार?

मग ती तोंडच उघडेना. पाच दिवस पहिल्या बाकावर बसून गैरहजर. सहाव्या दिवशी नाव कटणार होतं.

"प्रेझेंट म्हण गं," मी जिन्यात तिला म्हटलं.

"न्हाय मावशी. मी हाय, तर हायच म्हननार."

आज सरांनी नाव घेतलं. ती उठली. "हाय, सर."

"हॅलो!" मागून आलंच.

"हॅलो न्हाय. मी हितं हाय. मागले पाच दिवस बी हुते, सर, तुमच्या म्होरंच."

सरांनी चष्मा पुसला. मग बहुधा ती दिसली, कारण गैरहजेरीच्या पाचही फुल्या त्यांनी खोडल्या.