परत केलेल्या पाच वायरी

वायर हातात घेतली की तिची लायकी मला कळते, असं मी इतकी वर्षं सांगत आले आणि लोकही मान डोलावत आले. आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

वडिलांचं सौंदडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे बसून जे शिकले ते लग्नानंतर सडक अर्जुनीला, धानाच्या व्यापाऱ्याच्या घरात, कामी आलं. नवरा पोत्यात हात घालून धान किती ओलं आहे ते सांगतो, मी वायरी बघते. मोबाइलवरचं गाणं स्पीकरला नेणारी साधी वायर घेतली तरी आळीतल्या बायका ती आधी मला दाखवतात. स्वस्त मालाच्या खोड्या मला पाठ आहेत. सोनेरी पिनेला भुलायचं नाही, तो नुसता मुलामा. जाडीवर जायचं नाही, जाडी नुसत्या रबरानेही येते. पिनेच्या मानेशी वायर वाकवून पाहायची, तिथे सैल असली तर महिनाभरात तुटणार. टोक सोलून चुंबक लावायचं, चिकटलं तर आत तांबं नाही, लोखंड आहे. या परीक्षेत साठ रुपयांच्या वायरी मी पास केल्यात आणि सहाशेच्या नापास. शेवटची परीक्षा कानाची. वडिलांचा मोठा हेडफोन माझ्याकडे आहे. वायर त्याला जोडायची आणि दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते ऐकायचं. तिथे माझा निकाल लागला की पुढे अपील नाही.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर, ढाब्यांच्या ओळीत, एका गोंदियाच्या माणसाचं लहानसं दुकान आहे. चार्जर, हेडफोन, वायरी, असा माल. गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले. घरची जुनी वायर उंदराने कुरतडली म्हणून मी त्याच्याकडून एक घेतली. वरून पाहावं तर माल झकास. मान घट्ट, चुंबक लावलं तर चिकटत नाही. हेडफोन घातला, तर उजवी बाजू मुकी. परत नेली, त्याने हूं की चूं न करता बदलून दिली. दुसरीचं तेच. तिसरीचं, चौथीचं तेच. पाचवीची पण उजवी बाजूच मुकी निघाली तेव्हा माझा पारा चढला. दोन ट्रकवाले उभे होते, त्यांच्यासमोरच मी त्याला झापलं.

"आतली एक तार चोरता काय जी? लोकायले लुबाडून राहिले!"

"ताई, चेंज करून देतो ना," तो म्हणाला.

"ठेवा तुमच्यापाशीच," म्हणून मी पैसे परत घेतले आणि निघाले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण आमच्या भजनी मंडळाला देवळासाठी नवा साउंड घ्यायचा होता. स्पीकर, माइक आणि सभामंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वायरी. फाट्यावर सुट्या वस्तू विकणाऱ्याला असं काम वर्षातून एखादं मिळतं. तो दोनदा येऊन मापं घेऊन गेला होता. मी मंडळात सांगितलं, त्याचा माल बनावट आहे. झालं. मंडळाने त्याचं काम थांबवलं आणि आळीतल्या बायकांनी त्याच्याकडून चार्जर घेणंसुद्धा सोडलं.

मग एका रविवारी दुपारी, मंडळ बसलं असताना, तो स्वतःच देवळात आला. पाचवी वायर हातात होती.

"ताई, इथंच तपासा. सगळ्यायच्या समोर. खराब निघाली तं काम नका देऊ."

मी तर टपलेलीच होते. घरून हेडफोन आणला. नुसतं सांगून भागणार नव्हतं, पटवून द्यायचं होतं, म्हणून मी वडिलांची जुनी युक्ती काढली. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की ते हेडफोन उलटा घालायला लावत. दोष सामानात असला तर मुकी बाजू उजव्या कानावरून डाव्या कानावर येते. हे सगळं मी बायकांना हात हलवून हलवून समजावलं आणि हेडफोन उलटा घातला.

डाव्या कानात गाणं तसंच चालू होतं. उजव्या कानात तसंच काही नव्हतं.

मला वाटलं, फिरवायचाच राहिला. काढून पाहिला. फिरवलेला होता. पुन्हा सरळ घातला, पुन्हा उलटा. बाजू बदलत होत्या, कान बदलत नव्हता. पावसाळ्यात मला ताप आला होता, कानाला दडे बसले होते. ते सुटले असं मी आपलं धरून चालले होते.

"काय झालं जी?" बायका विचारत होत्या. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. माझ्या कानात काय चाललंय ते फक्त मला ठाऊक होतं.

"खराब आहे," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडून ते निघालं आणि माझा मलाच विश्वास बसेना. एकीने हात पुढे केला, "मले बी आयकू द्या," तर मी हेडफोन घाईघाईने पिशवीत कोंबला. दुकानदार माझ्या उजवीकडे खाली पडलेली वायर उचलायला वाकला, ती गुंडाळत राहिला आणि निघून गेला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बैठक संपायच्या आधीच मी घराकडे निघाले, धाकटी जाऊ सोबत होती.

"बाई, त्याले काऊन उत्तर नाई देल्लं?"

"कोणाले?"

"तुमच्या कानापाशी वाकून बोलला ना तो. मी बाजूलेच होती."

"काय बोलला?"

"‘वायर चांगली आहे ताई, कान दाखवून घ्या. मी कोणापाशी बोलत नाई.’ असं म्हणे."

मी रस्त्यात उभीच राहिले. ती पुढे म्हणाली, "माह्या बोलण्याले बी तुमी कितीकदा उत्तर देत नाई. पावसाळ्यापासून. मले वाटे, बाईले राग आला असन."

वाटेतल्या पुलाच्या कठड्यावर मी बसले. इतके महिने माणसं माझ्या उजवीकडून बोलत होती आणि मी त्यांना उत्तर देत नव्हते. आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही! माझा स्वभावच असा की बहिरेपण त्यात बेमालूम खपून गेलं. जावेला घरी पाठवलं आणि मी काळी-पिवळी जीपमध्ये बसून कोहमाऱ्याला गेले.

त्याने मला लांबूनच पाहिलं. मी दुकानाशी पोहोचेपर्यंत त्याने खुंटीवरचं नवं पाकीट काढून फोडलंसुद्धा होतं.

"घ्या ताई. ही लावून पाहा."

मी स्टूल ओढून असं बसले की तो माझ्या डावीकडे येईल.

"तुमाले कधी समजलं?"

"तिसऱ्या वायरीले. तुमी जाऊन राहिल्या होत्या, मी उजव्या बाजूनं तीनदा आवाज देल्ला."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमाले सांगते कोण, ताई?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

मी परत केलेल्या वायरी मागितल्या. त्याने खालून बिस्किटाचा डबा काढला. पाचही तशाच गुंडाळून ठेवलेल्या.

"चांगल्या होत्या, तं विकल्या कायले नाई?"

"तुमी खराब म्हटलेली वायर घेते कोण?"

मी पाचही वायरी पिशवीत घातल्या आणि त्याला म्हटलं, दुकान बंद करा, माझ्यासोबत चला. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून देवळात आले तेव्हा बायका सतरंज्या गुंडाळत होत्या. मघाशी जिने हात पुढे केला होता तिच्या डोक्यावर मी स्वतः हेडफोन चढवला. एकेक करून पाचही वायरी लावल्या. बाकीच्या भोवती जमल्या. दुकानदार खांबापाशी उभा होता.

पाचवी झाल्यावर तिने हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. ती माझ्या उजवीकडे होती. मला फक्त तिचे ओठ हललेले दिसले.

मी वळून डावा कान तिच्यापुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "इकून सांग माय. त्या कानानं मले आयकू येत नाई."