सोल्डरिंगवरून पॅकिंगला

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही बायका रेडिओचे भाग जोडायचो. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गरोदर होती आणि सोल्डरिंगच्या धुराने तिला दिवसभर मळमळायचं. तिला पॅकिंगला बसवा, एवढंच मॅनेजरसाहेबांना सांगायचं होतं. शनिवारच्या मीटिंगमध्ये बोलायचं काम सगळ्यांनी माझ्यावर टाकलं. आदल्या दिवशी मी काय बोलायचं त्याची उजळणी करत होते.

"रडगाणं गाऊ नकोस," आमच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या. "काय हवंय ते सांग आणि गप्प बस. तू घाबरून बोलत सुटलीस की ते विषय बदलतात."

मीटिंगमध्ये मी उभी राहिले. कसंबसं म्हणाले, "साहेब, तिला बाळंतपणापर्यंत पॅकिंगला बसवा."

"तिथे जागा नाही."

"पॅकिंगमधली एकजण सोल्डरिंगला यायला तयार आहे. मी विचारलंय तिला."

साहेब समोरचे कागद चाळू लागले. सगळे माझ्याकडे बघत होते. 'राहू द्या साहेब' हे शब्द अगदी ओठांवर आले, ते मी गिळले. शेवटी तेच म्हणाले, "सोमवारपासून बसू दे. पण काम मागे पडलं तर जबाबदार तू."

बाहेर मैत्रिणीने माझा हात धरला. "काय म्हणाले गं?"

"सोमवारपासून पॅकिंग."

ती रडायलाच लागली. साहेबांची अट मी तिला सांगितली नाही. ती रजेवर जाईपर्यंत रोज संध्याकाळी पॅकिंगच्या टेबलावर काही राहिलं नाही ना, ते पाहूनच मी घरी जायचे.